आतून धरलेली वाफ

घड्याळजींचं धुळीशी हाडवैर होतं. दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाने दाराशी पाय पुसले नाहीत, तर भिंगाला डोळा लावून बसलेल्या घड्याळजींच्या तोंडून, मान वर न करताच, एक शब्द निघे, "पाय!" नवखा माणूस बावचळून आपल्या पायांकडे बघत राही. दोन्ही जागेवर असल्याची खात्री पटली की मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडे. टेबलावरचं प्रत्येक उघडं घड्याळ काचेच्या टोपीखाली असे, चिमटे स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले असत, आणि फुंकर मारायला सक्त मनाई होती. एखादा उत्साही माणूस यंत्रावरचा कण उडवायला ओठांचा चंबू करू लागला, की घड्याळजी त्याच्या तोंडापुढे आडवा हात घालत.

"फुंकायचं नाही! अहो, तोंडातून काय नुसती हवा येते? वाफ येते, थुंकी येते. आत्ता कण उडेल आणि वर्षाने गंज धरेल. मग याल माझ्याच नावाने बोटं मोडत."

कण उडवायला त्यांच्याकडे लिंबाएवढा रबरी फुगा होता. दाबला की नळीतून कोरडी हवा सुटे. हा फुगा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायमचा मुक्कामाला असे. माणसाच्या तोंडाची हवा घड्याळाला लागू द्यायची नाही, हे त्यांनी उभा जन्म पाळलं. आणि त्याच माणसाने घरी जाऊन नेमकं उलटं करून ठेवावं, याला काय म्हणायचं? पण केलं खरं.

त्याचं असं झालं. त्यांचं शहर होतं टेकड्यांच्या मधे, खोलगट जागेत. थंडी पडली, वारा थांबला, की गाड्यांचा, कारखान्यांचा आणि शेकोट्यांचा धूर तिथेच ठाण मांडून बसे. वर जायचं नावच काढत नसे. सकाळी रस्त्यापलीकडची इमारत दिसत नसे, घसा दिवसभर खवखवे, आणि आपल्या शहराला टेकड्या आहेत हेसुद्धा लोक विसरून जात. घड्याळजींच्या लेकीचं घर कारखान्यांच्या बाजूला होतं आणि मांडीवर होती पाच महिन्यांची मुलगी. तिचं नाव चांगलं विचार करून, भारदस्त ठेवलेलं होतं, पण घरात सगळे तिला ठकीच म्हणत.

"यंदाची थंडी तुम्ही तिघांनी इकडे काढायची," घड्याळजींनी फर्मान सोडलं. "माझ्या घरात धुराचा कण शिरणार नाही. ठकीची जबाबदारी माझी."

जबाबदारी हा शब्द त्यांनी आपण होऊन उच्चारला होता. पुढे तो त्यांना चांगलाच आठवायचा होता.

मंडळी यायच्या आधी घड्याळजींनी घर बंद करायला घेतलं. बंद म्हणजे अगदी मनगटी घड्याळाचं झाकण बसवतात तसं. खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, त्यावर रुंद चिकटपट्टी मारली, स्वयंपाकघराच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला, दाराखाली जुन्या चादरीची वळकटी सारली. मग मेणबत्ती पेटवून ती प्रत्येक फटीपाशी धरत घरभर फिरले. जिथे ज्योत हलली तिथे आणखी एक पट्टी. शेवटी ज्योत कुठेच हलेना. घड्याळजींचा ऊर भरून आला.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "जरासुद्धा हलत नाही."

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकूंचं नाक तिखट होतं आणि जीभ त्याहून तिखट.

"हो का? आपण हललो तर चालेल ना, की आपल्यालाही पट्टी मारणार?" त्या म्हणाल्या. "आणि भाजी परतताना माझा जीव गुदमरला म्हणजे?"

"थोडं सोसायचं. नातीसाठी."

नातीचं नाव काढल्यावर काकू काय बोलणार? त्यांनी कपाळाला हात लावला आणि भाजी परतायला गेल्या.

मंडळी आली आणि पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. बाहेर धूर, घरात धूर नाही. घड्याळजी ठकीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसत आणि काचेबाहेरच्या करड्या अंधाराला वाकुल्या दाखवत. आजोबांनी वाकुली दाखवली की ठकी खिदळे. लेकही खूश होती. "बाबांनी घराचं अगदी घड्याळ करून टाकलंय," ती म्हणाली. घड्याळजींना ते फारच आवडलं.

आता जावई. जावई पहिलीच्या वर्गाचे मास्तर. पहिलीच्या पोरांची नाकं थंडीत कशी असतात हे सांगायला नको. त्यात धुरामुळे शाळेच्याही खिडक्या बंद, खेळाचा तास बंद, आणि सगळी पोरं दिवसभर एका खोलीत एकमेकांच्या तोंडावर शिंकत बसलेली. मास्तरांनी एके दिवशी ती शिंक घरी आणली. दुसऱ्या दिवशी खोकला आणला. मास्तर स्वभावाने मोकळे, जे काही जवळ असेल ते सगळ्यांना वाटून टाकणारे. त्यांच्या मागोमाग काकूंचा घसा बसला, मग लेकीला कणकण आली. घड्याळजी दुकानात एक बारीक स्क्रू चिमट्यात धरून बसले असताना त्यांना अशी सणसणीत शिंक आली, की तो स्क्रू कुठे गेला ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

घरी सगळे शेकत, खोकत, एका खोलीत बसलेले. हवा बाहेरची येत नव्हती आणि आतली जात नव्हती. घड्याळजींनी काय निदान करावं?

"कुठेतरी फट राहिली आहे," ते म्हणाले. "धूर आत येतोय. त्यानेच खोकला लागलाय सगळ्यांना."

आणि पुन्हा मेणबत्ती घेऊन निघाले. नाक गळतंय, डोळे पाणावलेत, तरी फट शोधताहेत. ज्योत हलेना म्हणून जास्तच चिडले. शेवटी दाराच्या कुलपाच्या भोकात कापूस कोंबला.

"अहो, जावयांना जरा बाजूच्या खोलीत झोपू द्या," काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पोर सगळ्यांच्या श्वासात लोळतेय."

"बाजूची खोली रस्त्याकडे आहे. तिथे धूर असतो. इथेच बरे सगळे."

एकदा घड्याळजींनी ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी हात टेकून परत जाणार. काकू तर रोजच्याच होत्या.

आणि मग ठकीला ताप आला.

आधी नुसतं नाक वाहत होतं. मग तिने दूध सोडलं. दोन घोट घेई आणि दमून तोंड फिरवी. एका सकाळी लेकीने हाक मारली ती अशा आवाजात, की घड्याळजी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावले. ठकीच्या बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. घड्याळजींनी खाली वाकून तिच्या छातीला कान लावला. आयुष्यभर बारीक आवाज ऐकण्यात गेलेला तो कान. आत काहीतरी घासत होतं. तेल संपलेल्या चाकासारखं, कुरकुर करत, अडत अडत. 

"चला," एवढंच ते म्हणाले. साबण काकूंनी रिक्षात पदराने पुसला.

इस्पितळातला लहान मुलांचा विभाग भरून वाहत होता. एकेका खाटेशी आई, मावशी, आजी, आणि जिकडेतिकडे तोच घासणारा आवाज. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळं आलेलं, पण हात चटपटीत चालत होते. त्यांनी ठकीचं नाक साफ केलं, नाकाशी बारीक नळी लावून ऑक्सिजन सुरू केला, बोटाला यंत्र लावलं आणि आकड्याकडे बघत मान हलवली.

"श्वासनळीच्या अगदी बारीक फांद्या असतात ना, त्यांना सूज आली आहे," त्या म्हणाल्या. "विषाणूमुळे. मोठ्यांना ज्याने नुसती सर्दी होते, त्याने एवढ्याशा बाळांची ही गत होते. घरात कोण कोण खोकतंय?"

चौघांनी एकदम हात वर केले. त्यातला एक हात वर करता करता खोकलाही.

"वाटलंच. घराला खिडक्या आहेत?"

इथे घड्याळजींना जरा हुरूप आला. निदान ही बाई तरी आपल्याला दाद देईल असं त्यांना वाटलं. त्यांनी पट्ट्या, पुठ्ठा, वळकटी, मेणबत्ती, सगळं सांगितलं. कुलपातला कापूससुद्धा वगळला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "बाहेरचं आत येत नाही हे कळलं. पण आतलं बाहेर कुठून जातं?"

"आतलं काय जायचंय? आत धूर नाहीच!"

"आत चार माणसं खोकताहेत."

"मग काय खिडकी उघडू?" घड्याळजींचा पारा चढला. "आणि धूर घेऊ आत? नातीला धुरात ठेवू? डॉक्टर झालात म्हणून काहीही सांगाल?"

"बाबा!" लेक कळवळून म्हणाली.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. बहुधा तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. "तुमचं अर्धं बरोबर आहे, आजोबा. धूर वाईटच. धुराने श्वासनळीचं आतलं अस्तर सोलपटून निघतं आणि विषाणूला आयतं घर मिळतं. थंड कोरड्या हवेत तो टिकतोही जास्त. पण धुराला भिऊन सगळे दारं लावून एकत्र बसतात आणि एकाचं दुसऱ्याला होतं. दर थंडीत वारा पडला की आमच्या खाटा भरतात. सकाळ-संध्याकाळ बंद ठेवा खिडक्या. पण दुपारी ऊन चढलं की धूर जरा वर उचलला जातो, तेव्हा समोरासमोरच्या उघडा. जो खोकतोय तो वेगळ्या खोलीत. बाळाजवळ जाताना तोंडाला मास्क. एवढंच."

"ठकी बरी होईल ना?" काकूंनी विचारलं. बाकीचं त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं.

"बहुतेक बाळं होतात. पण आजचा दिवस आणि उद्याचा, डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल."

बहुतेक हा शब्द घड्याळजींच्या छातीत रुतून बसला. ते भिंतीला टेकून उभे राहिले. ऑक्सिजनच्या नळीवरची पट्टी बरोबर लागली आहे की नाही एवढंच बघत राहिले. 

दुपार व्हायला आली तेव्हा काकूंनी त्यांना घरी पिटाळलं. ठकीचे कपडे आणायचे होते, आणि खरं तर त्यांच्या येरझाऱ्यांनी बाकीच्या आयांना घेरी यायला लागली होती. घड्याळजी चालतच निघाले. बाहेर ऊन चढलं होतं. धूर संपला नव्हता, पण पातळ झाला होता. सकाळी गडप झालेली समोरची इमारत आता चांगली गच्चीपर्यंत दिसत होती. घड्याळजींनी ते पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घराचं दार उघडून ते आत शिरले आणि त्यांचा चष्मा एकदम आंधळा झाला.

त्यांनी तो काढून पुसला, पुन्हा लावला. पुन्हा धुरकटला. घरात ओल होती, कोमट, जड. अंगावर यायची अशी. सर्दी लागल्यापासून दुकान बंद ठेवून ते आतच बसले होते, म्हणून ती त्यांना कळली नव्हती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. काचेवर आतून पाणी धरलं होतं. थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते आणि चिकटपट्टीवर साचत होते. घड्याळजींनी एक बोट काचेवरून फिरवलं. ओलं झालं. बाहेरून बोट लावता आलं असतं तर कोरडं लागलं असतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

आतून वाफ धरलेली घड्याळं घेऊन माणसं दुकानात नेहमी येत. "पाणी शिरलं हो आत!" म्हणून बोंब ठोकत. घड्याळजी दर वेळी तेच उत्तर देत. "बाहेरून काही शिरलेलं नाही. बंद करणाऱ्याने झाकण लावताना आपला श्वास आत कोंडला. झाकण इतकं घट्ट बसलंय म्हणूनच तो जात नाही." मग गिऱ्हाईक विचारी, आता काय करायचं? आणि घड्याळजी भिंग चढवत म्हणत, "काय म्हणजे? उघडायचं."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. त्या काचेवर त्यांच्या घरच्या माणसांचा श्वास होता. मास्तरांचा, काकूंचा, लेकीचा आणि त्यांचा स्वतःचा. पहिलीच्या वर्गातला रोग या झाकणाखाली कोंडून ठेवला होता आणि त्यात मधोमध ठकीला ठेवलं होतं. वर तिची जबाबदारी घेतली होती. साठी उलटलेला तो माणूस रिकाम्या घरात ढसाढसा रडला. त्याला कोण बघणार होतं? आणि बघितलं असतं तरी काय बिघडणार होतं?

मग त्यांनी डोळे पुसले आणि उठले. आधी कुलपातला कापूस काढला. मग पट्ट्यांना हात घातला, आणि तिथे त्यांच्याच कारागिरीने त्यांना रडकुंडीला आणलं. काम इतकं पक्कं केलेलं, की पट्टी सुटेना. नखं लावून झाली, चाकू लावून झाला. एका ठिकाणी पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला, दुसऱ्या ठिकाणी लाकडाची ढलपी. घड्याळजी स्वतःला शिव्या घालत होते, आणि त्यातल्या काही इतक्या सणसणीत होत्या की खाली जिन्यात उभी असलेली शेजारीण वर न येताच परत गेली. अखेर रस्त्याकडची खिडकी कडकड करत उघडली, मग मागची. झरोक्यावरचा पुठ्ठा त्यांनी सरळ ठोसा मारून पाडला. थंड हवा घरातून आरपार गेली. तिला किंचित धुराचा वास होता. घड्याळजींनी नाक मुरडलं, पण खिडकी लावली नाही.

कपडे घेऊन ते परत पोचले तेव्हा तोंडाला मास्क होता आणि आणखी तिघांसाठी खिशात होते. डॉक्टरीणबाई समोरून येत होत्या.

"बाई," घड्याळजी म्हणाले. "मघाशी तोंड सुटलं माझं. खिडक्या उघडून आलोय."

"दुपारीच ना?"

"दुपारीच. आणि उन्हं उतरायला लागली की लावून घेईन."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. घड्याळजी उगाचच त्यांच्या पाठीला नमस्कार करून मोकळे झाले.

पुढचा दिवस कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. दर थोड्या वेळाने ते वाकत, ठकीच्या छातीजवळ कान नेत आणि तोंड पाडून मागे होत. घासणं चालूच होतं. मास्तर बाहेर बाकावर बसून होते. आपल्यामुळेच पोरीला झालं म्हणून त्यांनी जेवण टाकलं होतं. शेवटी घड्याळजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"जावईबापू, सर्दी तुम्ही आणलीत हे खरं. पण झाकण मी लावलं. आता दोघंही उठा आणि चार घास खाऊन घ्या."

"दोघंही म्हणजे?" मास्तर गोंधळले.

"म्हणजे मीसुद्धा. काल सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

ते जेवून परत येत होते तेव्हा जिन्यातच त्यांना एक रडणं ऐकू आलं. त्या विभागात रडणाऱ्या पोरांचा तोटा नव्हता, पण हे रडणं दोघांनीही ओळखलं. चांगलं खणखणीत, हक्काचं, भुकेचं रडणं होतं. दोन दिवस ठकीच्या अंगात रडायचंसुद्धा बळ नव्हतं. ते धावत आत गेले. ठकी लेकीच्या पदराखाली होती आणि गटागटा दूध पीत होती. मधे थांबून एक श्वास घेई आणि पुन्हा तुटून पडे. काकू मास्कच्या आड हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. इतका, की ते खाटेच्या कडेवरच बसले आणि परिचारिकेने त्यांना तिथून उठवलं.

त्याच आठवड्यात वारा सुटला. एका सकाळी लोक उठून बघतात तो टेकड्या जागच्या जागी उभ्या. रस्त्यातली माणसं एकमेकांना बोटाने दाखवायला लागली, जणू कुणी त्या आदल्या दिवशीच आणून ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या छातीला तपासायची नळी शेवटची लावली आणि म्हणाल्या, "न्या घरी. आता आमच्या खाटाही रिकाम्या व्हायला लागतील."

घरी पोचायला दुपार झाली. लेक ठकीला घेऊन उंबरठ्याशीच थांबली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

"बाबा, बंद आहे का घर?"

 घड्याळजींनी फळीवरची ती मेणबत्ती काढली, पेटवली आणि खोलीच्या मधोमध धरली. ज्योत एकदम आडवी झाली, फडफडली आणि विझून गेली.

"विझली," काकू म्हणाल्या.

"विझायलाच पाहिजे," घड्याळजी म्हणाले. "ये आत."

लेक आत आली. तिने ठकीला सतरंजीवर ठेवलं. मास्तरांचा खोकला तोवर गेला होता आणि इतक्या दिवसांत त्यांना मुलीच्या जवळ जाता आलं नव्हतं. त्यांना कुठला धीर धरवतोय? ते गुडघ्यांवर बसले आणि नेहमीसारखी तिच्या कपाळावरच्या केसांवर फुंकर घालायला ओठांचा चंबू करून वाकले.

मधे आडवा हात आला.

"फुंकायचं नाही!"

मास्तर तसाच चंबू करून थबकले. लेक हसायला लागली, काकू हसायला लागल्या आणि मग मास्तरही. घड्याळजींनी खिशातून रबरी फुगा काढला, हात धुऊन आले, नळी फडक्याने स्वच्छ पुसली आणि ठकीच्या कपाळापाशी धरून अगदी हलकेच दाबली. केसांची बट भुरकन उडाली. ठकीने डोळे विस्फारले, पाय झाडले आणि खदखदून हसली. घड्याळजींनी घाईघाईने कान तिच्या छातीशी नेला. ती हसतच होती, आणि आत कुठेही काही घासत नव्हतं.